वेदीवरची नाळ : ‘ब्लडबोर्न’च्या चाहत्यांनी चालवलेला तपास

[दृश्य: उंच बुरुजाचा आतला भाग, लाकडी फळ्या. शिकारी एकेक फळी बघत खाली उतरतो.]

‘ब्लडबोर्न’ या व्हिडिओ गेममधली ही जागा नजरेतून सहज सुटते. कॅथेड्रल वॉर्ड या भागातल्या बुरुजात उतरताना नेमक्या फळ्यांवर उड्या टाकत जावं लागतं, आणि पाय चुकला की थेट मरण. खालचं दार उघडलं की मात्र आपण थबकतो, कारण जागा ओळखीची असते. गेम सुरू झाल्यापासून ज्या स्वप्नातल्या कार्यशाळेत आपण हत्यारं नीट करतो, तीच ही कार्यशाळा, जागेपणीच्या जगातली. इथे धूळ आहे, पडझड आहे. स्वप्नात आपल्याशी बोलणारी बाहुली इथे निर्जीव पडलेली आहे. आणि वेदीवर एका सुकलेल्या नाळेचा तुकडा आहे.

तो उचलला की पडद्यावर मजकूर येतो. प्रत्येक ग्रेट वन, म्हणजे या जगातला देवासारखा जीव, आपलं मूल गमावतो आणि मग त्याच्या जागी दुसऱ्या कुणासाठी तरी झुरतो. या नाळेमुळे फिकट चंद्राशी गाठ पडली, त्यानेच शिकाऱ्यांना साद घातली, आणि शिकाऱ्यांचं स्वप्न जन्माला आलं.

अख्ख्या गेममध्ये अशा चार नाळा मिळू शकतात. तीन कुठून आल्या हे कळतं. एक योसेफ्का या डॉक्टरीणबाईचं सोंग घेतलेल्या बाईकडून मिळते, एक अ‍ॅरियाना नावाच्या स्त्रीच्या बाळाची, एक मेर्गो नावाच्या अर्भकाच्या दाईला मारल्यावर हाती येते. चौथी, ही वेदीवरची, कुणाच्या बाळाची? गेम सांगत नाही. आज आपण त्याचाच मागोवा घेणार आहोत.

पुढे गेमचा शेवट आणि ‘द ओल्ड हंटर्स’ हा डीएलसी (गेमला नंतर जोडलेला भाग), दोन्ही उघड होणार आहेत. खेळायचं बाकी असेल, तर आधी खेळून या.

[दृश्य: यार्नम. टोकदार मनोरे, साखळदंडांनी बांधलेल्या शवपेट्या, रस्त्यात अडकलेल्या घोडागाड्या.]

‘ब्लडबोर्न’ मार्च २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. बनवणारी कंपनी जपानची फ्रॉमसॉफ्टवेअर, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. कथा वरवर सोपी आहे. यार्नम हे शहर रक्तोपचारासाठी प्रसिद्ध आहे. बाहेरून आलेला एक रुग्ण तिथे रक्त चढवून घेतो आणि शुद्धीवर येतो तो शिकारी होऊन. शहरातली माणसं जनावरं बनत चालली आहेत आणि रात्र संपत नाही.

बाकीचं सगळं तुकड्यांत आहे. वस्तूंच्या वर्णनात दोन ओळी, खिडकीआडून आलेलं एखादं वाक्य, प्रेताच्या हातातली चिठ्ठी. हे असं का, याचं एक उत्तर मियाझाकींच्या लहानपणात सापडतं. घरची परिस्थिती बेताची, पुस्तकं ग्रंथालयातून आणायची. त्यात इंग्रजी पुस्तकंही असत आणि ती धड कळत नसत. जे कळलं नाही ते चित्रं बघून, मनाने रचून भरून काढायचं. हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. ‘ब्लडबोर्न’मधल्या मोकळ्या जागा त्याच सवयीने सोडल्या आहेत. म्हणून इथल्या चाहत्यांच्या थिअरींना मी रिकामपणचे उद्योग मानत नाही. हा गेम त्या मागतोच.

एक छोटी थिअरी पाहू, म्हणजे पद्धत लक्षात येईल. सुरुवातीला खिडकीतून एक लहान मुलगी आपल्याशी बोलते. तिचे वडील फादर गॅस्कॉइन, आई व्हायोला. मुलीच्या बोलण्यात आजोबाही येतात, पण हे आजोबा कोण ते गेम कुठेच सांगत नाही. पुढे ज्या दफनभूमीत व्हायोलाचं प्रेत पडलेलं असतं आणि गॅस्कॉइन मेलेला असतो, तिथेच हेन्रिक नावाचा म्हातारा शिकारी वेडापिसा होऊन अंगावर येतो. त्याच्या कपड्यांचं वर्णन सांगतं की तो गॅस्कॉइनचा जुना जोडीदार. चाहते म्हणाले, हेच आजोबा, व्हायोलाचे वडील. मुलीचं आणि जावयाचं प्रेत एकाच ठिकाणी पाहिलेला बाप. यात एकही वाक्य ‘हो, हे खरं’ असं म्हणत नाही, तरी प्रत्येक पुरावा आपापल्या जागी बसतो. ही थिअरी मला पटते.

दुसरीकडे, सगळ्यात जास्त ऐकू येणारी थिअरी मला अजिबात पटत नाही. हे सगळं रुग्णाच्या तापातलं स्वप्न आहे, असं ती म्हणते. आधार दोन. रक्त चढवणारा म्हातारा सुरुवातीलाच सांगतो, काहीही झालं तरी वाईट स्वप्न पडलं असं समज. आणि एका शेवटात आपण खरोखरच सकाळी जागे होतो. पण मग त्या पडक्या कार्यशाळेचं काय करायचं? स्वप्नातल्या जागेचं मूळ जागेपणीच्या जगात दाखवलं आहे. स्वप्न कशामुळे निर्माण झालं त्याचं कारण नाळेच्या वर्णनात लिहिलं आहे. ज्या थिअरीला हातातले पुरावेच फेकून द्यावे लागतात, तिचा मला उपयोग वाटत नाही.

[दृश्य: जुनं यार्नम. जळालेली घरं, क्रॉसवर जाळलेली जनावरं. बुरुजावर एकटा शिकारी.]

रक्ताची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. यार्नमचे कोट, हॅट आणि दवाखाने एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचे आहेत, आणि माणसाला माणसाचं रक्त चढवण्याचे प्रयोगही त्याच शतकातले. लंडनचे जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये ते सुरू केले. ब्लंडेल प्रसूतितज्ज्ञ होते. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बायका डोळ्यांदेखत मरत होत्या, त्यांना वाचवायची ही धडपड होती. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले ते १९०१ मध्ये, म्हणजे मधली ऐंशीएक वर्षं कुणाला रक्त मानवेल आणि कुणाचा जीव जाईल, हे डॉक्टरलाही माहीत नव्हतं. रक्त, बाळंतपण आणि अंदाजाने दिलेलं औषध. ‘ब्लडबोर्न’चा गाभा याच तीन गोष्टींचा आहे.

जुन्या यार्नममध्ये राखाडी रक्त नावाचा रोग पसरला होता. विषावर आपण ज्या गोळ्या खातो त्यांच्या वर्णनात याचा उल्लेख आहे. गोळ्यांनी तात्पुरता आराम पडायचा, पण पुढे याच रोगातून माणसं जनावरं होऊ लागली. विषावरची गोळी रोगावर चालते, यावरून चाहत्यांनी तर्क केला की तो रोग मुळात विषप्रयोगच होता, आणि आपल्या रक्ताला गिऱ्हाईक मिळावं म्हणून रक्तोपचार चालवणाऱ्या हीलिंग चर्चनेच तो केला. थिअरी चतुर आहे. चर्चचा स्वभाव पाहता अशक्यही नाही. पण विष चर्चने दिलं असं सुचवणारी एकही ओळ गेममध्ये नाही, म्हणून मी ती अर्धीच मानतो. शहर पेटवून दिलं गेलं हे मात्र डोळ्यांनी दिसतं, आणि ड्यूरा नावाचा शिकारी अजून तिथल्या जनावरांची राखण करत बसला आहे, कारण ती माणसं होती हे त्याला विसरता येत नाही.

[दृश्य: बाहुलीचा चेहरा. मग घड्याळाच्या मनोऱ्यात खुर्चीवर बसलेली लेडी मारिया. तोच चेहरा.]

आता बाहुली. गेरमन हा पहिला शिकारी, स्वप्नाचा यजमान, चाकाच्या खुर्चीत बसलेला. बाहुली त्याच्या कार्यशाळेतली. तिच्या कपड्यांचं वर्णन सांगतं की कुणीतरी ते जिवापाड मायेने शिवले आणि जपले, इतके की ती माया वेडाच्या काठावर पोचली आहे. त्याच पडक्या कार्यशाळेत केसांत माळायचा एक लहान दागिना सापडतो. तो बाहुलीला दिला तर ती रडते, आणि का रडतेय ते तिला कळत नाही. ती कुणा खऱ्या बाईची प्रतिकृती आहे, हा संशय इथेच पक्का होतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये डीएलसी आला आणि त्या बाईचं नाव कळलं, मारिया. चेहरा तोच, इंग्रजी आवाज देणारी अभिनेत्रीही तीच. मारियाच्या पोशाखाचं वर्णन सांगतं की ती गेरमनची शिष्या, तिच्या मनात त्याच्याबद्दल फार आदर, पण त्याच्या त्या विचित्र वेडाची तिला कल्पना नव्हती. ती लढून पडली की स्वप्नात परत जा. बाहुली विचारते, माझ्यात काही बदल झालाय का? आत कुठेतरी जड बेड्या गळून पडल्यासारखं वाटलं. इतक्या थोड्या शब्दांत एवढं दुःख मी फार कमी गेममध्ये पाहिलं आहे. मारिया जिवंत असताना तिच्या मनाला गेरमनची ओढ समजली नाही, आणि ती गेल्यावर त्याने तिचा चेहरा एका बाहुलीला दिला, जी त्याला कधी नाही म्हणू शकणार नाही.

मारिया का गेली? तिने आपलं लाडकं हत्यार, राकुयो, एका अंधाऱ्या विहिरीत टाकून दिलं, कारण तिला ते सोसेना. ती विहीर समुद्रकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत आहे.

[दृश्य: पाऊस, खवल्यांची माणसं, किनाऱ्याला लागलेलं प्रचंड पांढरं कलेवर.]

ही वस्ती म्हणजे सगळ्या कथेची जखम आहे. इथे कॉस नावाच्या ग्रेट वनचं कलेवर किनाऱ्याला लागलं होतं. बर्गनवर्थ या जुन्या विद्यापीठातल्या विद्वानांना माणसाच्या मेंदूत डोळे उगवायला हवे होते, म्हणजे वरच्या जगाचं ज्ञान मिळेल. त्यांचे शिकारी इथे आले आणि त्यांनी लोकांच्या कवट्या आतून धुंडाळल्या. इथली एक कवटी आपल्याला हत्यार म्हणून वापरायला मिळते, तिच्या आत ओरखडेच ओरखडे आहेत. वस्तीतला पुजारी त्या मारेकऱ्यांना शाप देतो, त्यांच्या मुलाबाळांसकट. वाटेच्या शेवटी कॉसच्या पोटातून तिचं पोर बाहेर येतं, स्वतःची वारच (प्लॅसेंटा) हत्यार म्हणून हातात धरून.

चाहत्यांनी या सगळ्याचा धागा वेदीवरच्या नाळेशी जोडला. त्यांचं म्हणणं असं. शिकाऱ्यांनी तेव्हा कॉसच्या पोटातलं अर्भक काढलं, नाळ घेतली. हीलिंग चर्चचा संस्थापक लॉरेन्स आणि गेरमन यांनी तीच नाळ वापरून मून प्रेझेन्स या चंद्राच्या ग्रेट वनला बोलावलं. मून प्रेझेन्सने गेरमनला स्वप्नात अडकवून ठेवलं, आपल्या गमावलेल्या मुलाच्या जागी.

पुरावे पाहू. लेक्चर बिल्डिंगमधली एक चिठ्ठी सांगते की मून प्रेझेन्सला लॉरेन्स आणि त्याच्या साथीदारांनी बोलावलं. गेरमन झोपेत लॉरेन्सलाच हाक मारतो, मला सोडवा म्हणून विनवतो. नाळ गेरमनच्या कार्यशाळेत आहे. विहिरीतलं राकुयो सांगतं की त्याची शिष्या या वस्तीत होती आणि जे घडलं ते तिला झेपलं नाही. सगळ्यात मोठा पुरावा यानंतरचा. कॉसच्या पोराला मारून, ज्या दुःस्वप्नात ही वस्ती दिसते ते संपवलं की बाहुली सांगते, गेरमनच्या झोपेचा आवाज येतोय, एरवी तो तळमळत असतो, आज मात्र किती शांत आहे.

विरोधकही कमी अभ्यासू नाहीत. ते म्हणतात, बर्गनवर्थचे लोक यार्नमखालचे चक्रव्यूह कितीतरी आधीपासून खणत होते. उपचारांचं ते जुनं रक्त तिथून आलं, मग नाळ का नाही? शिवाय वेदीवरच्या नाळेच्या वर्णनात कॉसचं नाव येत नाही. आणि कॉसच्या पोराला मारल्यावर एक हत्यार मिळतं, नाळ मिळत नाही. यावर पहिली बाजू लगेच म्हणते, मिळणार कशी, ती आधीच नेली होती! उत्तर चटपटीत आहे, पण इथे मी विरोधकांच्या बाजूने आहे. एखादी गोष्ट न सापडणं हा तिच्या चोरीचा पुरावा होत नाही. काही जण गेमच्या फाइल्स उघडून वगळलेले संवाद पुढे करतात. तेही मी धरत नाही, कारण जे बनवणाऱ्यांनीच काढून टाकलं, त्याच्या जोरावर उरलेल्याचा निकाल लावता येत नाही.

[दृश्य: पांढरी फुलं, लाल चंद्र. मून प्रेझेन्स खाली उतरून शिकाऱ्याला जवळ घेते.]

शेवटाकडे पाहिल्यावर मात्र मी पुन्हा पहिल्या बाजूकडे झुकतो. गेरमनला हरवलं की चंद्रातून ती शक्ती उतरते आणि शिकाऱ्याला मिठी मारते. झडप नव्हे, मिठी. तीन नाळा खाल्लेल्या नसतील तर ती मिठी सुटत नाही, आणि चाकाच्या खुर्चीत आता आपण बसलेले असतो. खाल्लेल्या असतील तर आपण लढतो, जिंकतो, आणि ग्रेट वनचं इवलं पिल्लू होऊन जमिनीवर वळवळतो. बाहुली आपल्याला उचलून विचारते, थंडी वाजतेय का? कुणीतरी मूल गमावलेलं आणि कुणीतरी त्याच्या जागी भरती झालेलं, हेच इथेही घडतं. वेदीवरच्या त्या वर्णनातली पहिली ओळ इथे पूर्ण होते.

कॉसच्या बाजूची एक कडी तुटलेली आहे, हे मान्य. चक्रव्यूहाच्या बाजूची तर साखळीच नाही, नुसती शक्यता आहे. नाळ खालच्या भुयारांतून आली असं मानणाऱ्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा, पण एका गोष्टीचा खुलासा करून. कोळ्यांच्या वस्तीतलं ते पोर गेलं, त्याच रात्री गेरमनला शांत झोप कशी लागली?