रिपोर्ट नॉर्मल आला, तरी औषधं का चालू ठेवायची?

मंडळी, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे मुलांमध्ये सर्वाधिक दिसणारा ब्लड कॅन्सर. उपचार सुरू झाले की महिन्याभरात बहुतेक मुलांचा बोन मॅरोचा रिपोर्ट नॉर्मल येतो, पोरगं खेळायला लागतं आणि आईवडील विचारतात, 'डॉक्टर, मग अजून दोन-अडीच वर्षं औषधं कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ज्यांच्या कामातून मिळालं, त्यांची नावं आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही.

बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1948 साली 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचा अहवाल छापला. हे औषध तयार झालं ते आपल्या आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत. 10 मुलं सुधारली, पण काही महिन्यांत आजार परतला आणि तेच औषध पुन्हा देऊन गुण येईना.

असं का व्हावं? कॅन्सरच्या पेशींना औषधाची सवय होते, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले लॉइड लॉ यांनी 1952 साली हे तपासून पाहिलं. उंदरांच्या ल्युकेमियाच्या थोड्याथोड्या पेशींपासून त्यांनी वेगवेगळे गट वाढवले आणि मग त्यांना औषध दिलं. औषधामुळे पेशी बदलत असत्या, तर दाद न देणाऱ्या पेशी सगळ्या गटांत साधारण सारख्याच निघाल्या असत्या. तसं झालं नाही. एखाद्या गटात अगदी थोड्या, तर दुसऱ्यात भरमसाट! याचा अर्थ, त्या पेशी औषधाचा पहिला थेंब पडण्याआधीच, आपोआप झालेल्या जनुकीय बदलातून जन्मलेल्या होत्या. औषधाने बाकीच्या मारल्या आणि यांना रान मोकळं करून दिलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण उपचारांची सगळी आखणी इथून बदलते.

आता अलाबामातल्या हॉवर्ड स्किपर यांच्याकडे येऊ. उंदरांवरच्या कामातून 1964 साली त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. ल्युकेमियाची एक जिवंत पेशीसुद्धा उंदराचा जीव घ्यायला पुरते. आणि औषधाचा ठरावीक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. गणित करून पाहा. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात साधारण एक लाख कोटी पेशी असतात. त्यातल्या 99 टक्के मेल्या तरी एक हजार कोटी उरतात, आणि तेव्हा मायक्रोस्कोपखाली मॅरो नॉर्मल दिसू शकतो! शेतातली हरळी वरवर खुरपल्यासारखंच हे. म्हणून मेंटेनन्सच्या, म्हणजे उरलेल्या पेशी संपवण्यासाठीच्या, गोळ्या लांबच लांब चालतात. गावाहून येण्याचा खर्च, बुडणारी मजुरी, यापायी मधेच उपचार सुटलेली मुलं परत येतात तेव्हा जीव तुटतो.

औषधं एकाच वेळी अनेक का, हेही याच हिशोबात बसतं. समजा, दोन औषधं आहेत आणि प्रत्येकाला दाद न देणारी पेशी दहा लाखांत एक आहे. मग दोन्ही औषधांतून वाचणारी लाख कोटींत एक. अंगात पेशीच लाख कोटी, म्हणजे दोनही अपुरीच! साठच्या दशकात एमिल फ्रेई आणि एमिल फ्रायराइक यांनी चार औषधं एकत्र दिली, ती या विचाराने.

तरीही मुलं परत आजारी पडत होती, आणि या वेळी आजार मेंदूच्या आवरणात. तिथे रक्तातलं औषध नीट पोचतच नाही, त्यामुळे एरवी औषधाला दाद देणाऱ्या पेशीही वाचतात. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी डोक्याला रेडिएशन आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केलं, तेव्हा कुठे सुमारे निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. पाठीतल्या इंजेक्शनाला मुलं रडतात, आया कळवळतात, पण ते टाळून चालत नाही.

आज एमआरडी, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या आजाराच्या, तपासणीत दहा हजारांत एक उरलेली पेशीही सापडते, आणि ती सापडली तर उपचार वाढवले जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या 'नेक्सकार19' या कार-टी उपचाराला 2023 साली मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बदलून परत दिल्या जातात आणि त्या कॅन्सरच्या पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखून त्यांच्यावर तुटून पडतात. पण ही खूण अंगावर नसलेल्या पेशी वाचतात आणि त्यांच्यापासून आजार पुन्हा वाढू शकतो. म्हणून आता सीडी19 आणि सीडी22 या दोन्ही खुणांवर एकदम मारा करणाऱ्या टी-पेशींवर संशोधन चालू आहे.