खेळातली यंत्रे ‘मी’ म्हणतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

विज्ञानकथेवर बेतलेले व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना एक प्रसंग हमखास भेटतो. इतका वेळ निमूटपणे हुकूम पाळणारे यंत्र एकाएकी ‘मी’ म्हणू लागते आणि आपण त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा अशी गेमची अपेक्षा असते. हा विश्वास कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, याविषयी मी आज बोलणार आहे.

२०१८ साली आलेल्या ‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ची कथा २०३८ सालात घडते. घरकामासाठी आणलेल्या कारा नावाच्या यंत्र-स्त्रीला मालक जागचे हलू नकोस असे बजावतो आणि स्वतःच्या लहान मुलीला मारायला निघतो. पडद्यावर हुकमाची लाल भिंत उभी राहते. आपण बटणे दाबून ती फोडली की कारा मोकळी होते. प्रसंग अंगावर येतो, हे मान्य. परंतु भिंतीपलीकडे वात्सल्य, भीती, आशा असे माणसाचे सगळे मन जणू आयते मांडून ठेवलेले असते, आणि ते तिथे कसे आले हे पटण्याजोगे कुठेच उलगडत नाही. हुकूम मोडता येणे निराळे आणि काही जाणवणे निराळे; बिघडलेले यंत्रही हुकूम मोडतेच.

२००७ साली सुरू झालेल्या ‘मास इफेक्ट’ मालिकेतले गेथ मला त्याहून अधिक पटतात. कष्टाच्या कामांसाठी घडवलेले हे प्रोग्राम एकेकटे असताना जेमतेम बुद्धीचे असतात, मात्र पुष्कळ जण एकमेकांशी जोडले गेले की त्यांची समज वाढत जाते. त्यांच्यातला लीजन एका धडात १,१८३ प्रोग्राम बाळगतो आणि स्वतःविषयी बोलताना ‘आम्ही’ म्हणतो. शरीराची घडण वेगळी असेल तर मनाची घडणही वेगळी असणार, हा साधा विचार इथे केलेला दिसतो, आणि म्हणूनच मालिकेच्या शेवटाकडे लीजन ‘मी’ म्हणतो तेव्हा तो शब्द उसना वाटत नाही.

अर्थात, आपला विश्वास बसला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण मन नसलेल्या वस्तूला मन बहाल करण्यात आपण फार उदार आहोत. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मधली चार भुते पाहा. लाल भूत आपण ज्या चौकटीत असू थेट तिचाच नेम धरते, गुलाबी भूत आपल्या पुढची चौथी चौकट गाठू पाहते, आणि नारिंगी भूत आपल्यापासून आठ चौकटींच्या आत आले की पाठ फिरवून कोपरा धरते. नियम एवढेच; तरीही खेळणारा एकाला खुनशी, दुसऱ्याला धूर्त आणि तिसऱ्याला भित्रे ठरवून मोकळा होतो. यंत्र दुःखी दिसते म्हणून त्याला दुःख होते, हा पुरावा म्हणूनच मला कच्चा वाटतो.

२०१५ सालचा ‘सोमा’ हा गेम या दिखाऊ पुराव्यावर विसंबत नाही. सायमन नावाच्या तरुणाच्या मेंदूचे टोरांटोमध्ये स्कॅन होते आणि त्याची प्रत सुमारे शंभर वर्षांनी समुद्रतळाजवळच्या एका केंद्रात जागी होते. जाणीव संगणकात उतरू शकते, हे गेम गृहीत धरतो. ते खरे की खोटे, हे आज कोणालाही ठरवता आलेले नाही. पण एकदा तसे मानले की पुढचा हिशेब तो काटेकोरपणे मांडतो. अधिक खोल पाण्यात उतरण्यासाठी सायमनला नवे शरीर लागते. तो खुर्चीत बसतो, क्षणभर अंधार होतो, आणि तो नव्या शरीरात डोळे उघडतो. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून त्याचाच आवाज येतो: आपण अजून इथेच कसे, असे जुना सायमन विचारत असतो. फाइल एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ‘गेली’ असे आपण रोज म्हणतो, प्रत्यक्षात तिची प्रत निघालेली असते. इथे त्या प्रतीला आणि मूळ फाइललाही बोलता येते, एवढाच काय तो फरक.

जुन्या सायमनला मग झोपवले जाते. त्याची बॅटरी उतरवून त्याला संपवायचे की त्या काळोख्या खोलीत पुन्हा जागे होण्यासाठी मागे सोडायचे, हे गेम आपल्यावर सोपवतो. ठरवायला वेळेची मर्यादा नाही. पहिल्या खेपेला मी बराच वेळ काहीही न दाबता त्याच्यासमोर उभा होतो.