दैनंदिनीतली एक ओळ

[मार्चमधली पहाट. सातपुड्यातली एक वनचौकी. टेबलावर पुठ्ठ्याची वही, शेजारी चार्जिंगला लावलेला मोबाइल.]

"बीटात पायी गस्त केली. विशेष काही नाही."

ही ओळ एका वनरक्षक ताईच्या दैनंदिनीतली. काल रात्री जेवण उरकल्यावर तिने ती लिहिली. मागची पानं चाळली तर हीच ओळ पुन्हा पुन्हा भेटते. मध्येच एखाद्या पानावर आग, एखाद्यावर मेलेली गाय, एखाद्यावर पकडलेली सायकल आणि तिच्यावरचे सागाचे दोन नग. मग परत, विशेष काही नाही. दोन दिवस आम्ही तिच्यासोबत चाललो. एवढी एक ओळ लिहिण्यासाठी माणसाला किती चालावं लागतं, ते बघायचं होतं.

तिचं नाव आम्ही सांगणार नाही. बीट, म्हणजे तिच्या राखणीतला जंगलाचा तुकडा, कोणतं तेही नाही. जिच्या सहीने गुन्हे नोंदले जातात, तिला उद्या त्याच पाड्यांवरून एकटीने जायचं असतं.

[उजाडतंय. खाली केळीच्या बागांची हिरवी चादर, वर उघडे तपकिरी डोंगर.]

हे यावल अभयारण्य. जळगाव जिल्ह्याचा उत्तर काठ. १९६९ साली घोषित झालेलं, सुमारे १७६ चौरस किलोमीटरचं रान. खाली तापीच्या खोऱ्यात यावल-रावेरच्या केळीला ठिबकचं पाणी चाललंय आणि इथे वर साग पानं गाळून उभा आहे. सोबत अंजन, सालई, धावडा, मोह. अंजनाला मात्र या दिवसांत पालवी फुटते. तांबूस, कोवळी. भकास डोंगरावर तेवढाच एक ओला रंग. ओढे आटलेत. पाल गावाजवळ सुकी नदीवरच्या धरणात पाणी आहे, बाकी सगळी भिस्त पाणवठ्यांवर. उत्तरेची टेकडी ओलांडली की मध्य प्रदेश.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्यातलं खानदेशात एकही नाही. इथे सकाळी फाटकापाशी जिप्सींची रांग लागत नाही की कॅमेरे घेऊन कोणी येत नाही. पण नकाशा उघडा आणि मेळघाटावर बोट ठेवून पश्चिमेला सरकवत आणा. वाटेत मुक्ताईनगर तालुक्यातलं वढोदा-डोलारखेड्याचं रान लागतं. तिथे आजही वाघ आहेत, दिवसा केळीच्या गारव्यात बसतात. पुढे यावल, मग अनेर अभयारण्य. मेळघाटच्या वाघाला पश्चिमेकडे पाय पसरायचे तर वाट हीच. ही वाट मधेच तुटली तर मेळघाटच्या राष्ट्रीय उद्यानातला वाघ या बाजूने कोंडला जाईल.

वाट राखायला आहेत कोण, तर ही ताई आणि तिच्याबरोबरचे वनमजूर नाना.

वनखात्याची मांडणी थोडक्यात सांगायची तर अशी. जंगलाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे बीट, आणि तो वनरक्षकाच्या अंगावर. काही बीटांवर एक वनपाल. त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत रेंजरसाहेब. त्यांच्या वरची सगळी पदं कार्यालयात बसून कागद वाचतात आणि त्या कागदाची सुरुवात बीटात होते.

[पायवाट. वाळक्या पानांचा आवाज. ताई पुढे, नाना मागे.]

सहा वाजता निघालो. ताईच्या पाठीवर पाण्याची बाटली, पिशवीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. खांद्यावर काठी. बंदूक नाही. नाना पावरा या आदिवासी समाजातले. याच डोंगरात जन्मले, खात्यात येऊन त्यांना ताईच्या वयाहून जास्त वर्षं झाली. ती त्यांना नाना म्हणते, ते तिला मॅडम.

पहिला तास ती झाडांकडे पाहतच नाही, पाहते जमिनीकडे. एका ठिकाणी थांबते, वाकते आणि पाला बाजूला सारते. खाली सागाचं थूट, म्हणजे तोडलेल्या झाडाचा उरलेला बुंधा. वरून चिखल चोळलेला, म्हणजे लांबून ताजा घाव दिसू नये. नाना थुटाचा घेर मोजतात. ती फोटो काढते, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवते. आता प्रथम गुन्हा अहवाल होईल. आरोपीच्या जागी अज्ञात.

पुढे सालई. सालईच्या खोडातून सुगंधी डिंक निघतो, बाजारात त्याला भाव आहे. नीट खाच दिली तर झाड जगतं. इथे मात्र कुऱ्हाडीने खोल वार केलेत, एकाच खोडावर सात. पहिल्या वादळात हे झाड मोडणार. नाना काही बोलत नाहीत. जखमेवर हात फिरवतात आणि पुढे चालू लागतात.

आणखी वर गेल्यावर तिसरा प्रकार दिसतो, आणि सगळ्यात अवघड हाच. झाडाच्या बुंध्याभोवती गोल साल सोललेली. झाड उभंच राहतं, पण वाळत जातं. दोन वर्षांनी तिथे उजेड पडतो, मग नांगर येतो. वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी आदिवासी कुटुंबं जंगलजमीन कसत होती, त्यांना हक्काची मागणी करता येते. ती मागणी न्याय्य आहे आणि अनेकांची अजून कागदातच अडकली आहे, हेही खरं. पण त्या तारखेनंतर सोललेल्या झाडांचं काय? या प्रश्नाला तोंड द्यायला मंत्रालयातून कोणी येत नाही. काठी घेतलेली एक मुलगी येते. समोर कधी वीस माणसं असतात. गोफणीचे दगड येतात. अशा वेळी तिला मागे फिरावं लागतं, वायरलेसवर कुमक मागावी लागते, आणि कुमक यायला दोन तास लागतात.

[पाणवठा. ओल्या मातीवर ठसे.]

पाणवठ्याकाठी ताई पहिल्यांदा हसते. काल संध्याकाळी रोही येऊन गेलेत. नीलगायीला आपल्याकडे रोहीच म्हणतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा तर थेट माणसाच्या पावलासारखा. बाजूला बिबट्या, नखांची खूण न उमटवता गेलेला. ताई पाण्याचा वास घेते. ही रोजची रीत. उन्हाळ्यात पाणवठ्यात विष कालवून शिकार करतात, म्हणून आधी पाणी बघायचं, मग काठावरचं गवत. गवतात वायरचा एक फास सापडतो. रानडुकरासाठी लावलेला, पण फासाला कोण ओळखू येतं? त्यात चितळही अडकतं, बिबट्याही अडकतो. फास पिशवीत जातो. त्याच पिशवीत, भाकरीच्या शेजारी.

दुपारी बाराच्या सुमाराला फोन. पाड्यावरच्या एकाची गाय मेलीय.

हे काम बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. माझ्या मते आख्ख्या संरक्षणाची नाडी इथे आहे. गाय मारली जनावराने, ती गेली गरिबाची. त्याला भरपाई हवी तर घटनेपासून ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, आणि पंचनामा होईपर्यंत गाय जागेवरून हलवायची नाही. ताई पोहोचते तेव्हा मालक गायीजवळ बसलाय. ती घसा पाहते, सुळ्यांच्या खुणा पाहते, किती अंतर फरफटत नेली ते पावलांनी मोजते, कोणत्या बाजूने खाल्लंय ते लिहून घेते. पशुवैद्यकीय डॉक्टर येईपर्यंत उन्हात थांबते.

"एकच गाय व्हती, साहेब," तो म्हणतो. तिला साहेब म्हणतो.

ती त्याला कागद समजावून देते. कोणती सही कुठे करायची, बँकेच्या पासबुकाची प्रत कधी आणायची, सगळं. घाईने नाही, दोनदा. कारण तिला ठाऊक आहे की हा माणूस आज रिकाम्या हाताने आणि रागाने घरी गेला, तर रात्री त्या गायीवर कीटकनाशक पडू शकतं. बिबट्या उरलेलं खायला परत येतो. मग तो मरतो, त्याच्यामागून तरस, कोल्हे, कावळेही मरतात. पंचनाम्याचा एक वेळेवर झालेला कागद हे सगळं टाळतो. पैसे वेळेवर आले तर. ते वेळेवर येणं तिच्या हातात नसतं, पण शिव्या तिलाच खाव्या लागतात.

[उसाचं शेत. संध्याकाळ.]

खानदेशात सगळंच जंगल डोंगरावर नाही. शहादा-तळोद्याच्या उसात, चोपडा-रावेरच्या केळीत बिबटे राहतात, पिल्लं घालतात. ऊसतोड सुरू झाली की फडात मांजराएवढी पिल्लं सापडतात. गर्दी जमते, फोटो निघतात, कोणी उचलून घरी नेतो. वनरक्षकाचं पहिलं काम गर्दी पांगवायचं. मग पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि लांब जाऊन रात्रभर बसायचं. बहुतेकदा आई येते. एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. कधी बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, तेव्हा खाट दोरांनी खाली सोडतात, म्हणजे दमलेल्या जनावराला टेकायला जागा होते, आणि मागाहून पिंजरा.

आणि कधी यातलं काहीच कामी येत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात एका बिबट्याने माणसं मारली. एकामागून एक. पिंजरे लावले, कॅमेरे लावले, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या काळात गस्तीला असलेल्यांना रोज गावाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागला. मेलेल्यांच्या घरी जाऊन पंचनामा करणारेही तेच होते.

[पुन्हा डोंगर. दुसऱ्या दिवसाची सकाळ. एक पक्षी बोलतो.]

नाना हात वर करतात. सगळे थांबतो.

सागाच्या उघड्या फांदीवर, लख्ख उन्हात, एक घुबड. मूठभर. हा रानपिंगळा. गावाजवळ दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याहून वेगळा; याच्या डोक्यावरचे ठिपके अगदी पुसट, छाती गडद, आणि हा दिवसाढवळ्या शिकार करतो. १८८४ नंतर जगाने याला संपलेला धरलं होतं. तब्बल ११३ वर्षं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला. कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. पुढे यावलच्या रानातही त्याची नोंद झाली. तो राहतो जुन्या झाडांच्या ढोलीत. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. कालचं ते चिखल चोळलेलं थूट आता नीट कळतं. चोरणारा नेमकं जाड झाडच निवडतो.

ताई वही काढून वेळ, जागा आणि झाड लिहिते. मग फुटपट्टीने रेघ मारते. का मारते, ते विचारायचं राहून गेलं.

दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते. तेव्हा तिच्यासारखे हजारो जण आपापल्या बीटात ठरलेल्या वाटा पायी तुडवतात, विष्ठा, ठसे, झाडावरचे नखांचे ओरखडे टिपत. असंच काम करताना नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ताई तिला ओळखत नव्हती. तरी ११ सप्टेंबरला, राष्ट्रीय वनशहीद दिनी, नावं वाचली जातात तेव्हा त्या एका नावाला तिचा आवाज बसतो, असं नाना सांगतात. ती स्वतः या विषयावर बोलली नाही. आम्हीही कॅमेरा बंद ठेवला.

[संध्याकाळ. दूर ढोलाचा आवाज.]

होळी जवळ आलीय. खाली भोंगऱ्याचा बाजार भरलाय, पाड्यापाड्यांवरून ढोल उतरतायत. नानांची नातवंडं नवे कपडे घालून गेलीत. नाना गेले नाहीत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, आणि ऐन होळीत मोह गळतो. फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. विझवायचं राहून जातं, वारा सुटतो. तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणूनही कोणी काडी टाकतं. मोहाने पाड्यावरच्यांचं अर्धं वर्ष भागतं, हे नानांना कोणी सांगायला नको. त्यांच्या घरीही मोह आहे. म्हणून ते दम देत नाहीत. आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन सांगून येतात, "पाला झाडून काढा, जाळू नका."

रात्री साडेआठला ताईने वही उघडली. तारीख घातली. तेवढ्यात मोबाइल वाजला. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश, भारतीय वन सर्वेक्षणाकडून आलेला. अक्षांश, रेखांश. तिने आकडे नकाशावर टाकले आणि नानांकडे पाहिलं. शेजारची दरी. रानपिंगळा दिसला त्याच्या वरचा उतार.

[अंधार. टॉर्चचे झोत. ब्लोअरचा घरघराट.]

पाच माणसं, दोन ब्लोअर, बाकी हिरव्या फांद्या. आगीच्या तोंडासमोर जायचं नाही, बाजूने दाबत आणायची. जानेवारीत काढलेली जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून मोकळा केलेला पट्टा, वर आहे. तिथपर्यंत आग रोखली तर पुढचा डोंगर वाचेल. ब्लोअर पाला उडवतो, मागून फांद्यांचे फटके. धुराने डोळे उघडत नाहीत. कोणी कोणाला हाक मारत नाही, फक्त खोकल्यावरून कळतं कोण कुठे आहे.

अडीच वाजता जाळरेषेपाशी शेवटची ज्योत बसते.

तरी खाली कोणी जात नाही. एका जुन्या सालईचं पोकळ खोड आतून लालसर धुमसतंय. वारा आला की ठिणग्या बाहेर पडतात. माती टाकून झाली, विझत नाही. पाणी लागणार, आणि पाणी आहे खाली ओढ्याच्या डोहात, अर्ध्या तासाच्या उतारावर.

"मॅडम, तुम्ही बसा," नाना म्हणतात.

ताई दोन्ही कॅन उचलते. "तुम्ही खोडाकडे बघा, नाना. मी आणते." आणि टॉर्च तोंडात धरून उतरायला लागते.