नांगी आणि डेंगो

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी वर्गात एका मुलीने मला विचारलं, "काका, नांगी टाकली म्हणजे काय?" मी पटकन सांगून टाकलं, "हार मानली." अर्थ बरोबरच, पण घरी आल्यावर ते उत्तर मला टोचत राहिलं.

नांगी विंचवालाही असते आणि खेकड्यालाही. विंचवाची शेपटीच्या टोकाला, विषाची. खेकड्याची पुढच्या पायांना, पकडीची. शत्रूच्या नांग्या ठेचायच्या, असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे विंचूच असतो. कोकणात ही भीती खरी होती. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसं दगावत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन देऊन अनेकांना वाचवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते.

खेकड्याच्या नांगीला मात्र आम्ही मालवणकडचे नांगी म्हणत नाही. खेकडा म्हणजे कुर्ली, आणि त्याची नांगी म्हणजे तिचो डेंगो. आठ-नऊ वर्षांचा असताना कर्लीच्या खाडीकाठी मी बिळात हात घातला आणि कुर्लीने बोट धरलं. जोरात हात झटकला. कुर्ली चिखलात पडली नि तिरपी पळाली, पण डेंगो बोटावर तसाच, आवळलेला! मी रडत घरी. आजीने सांडशीने तो उघडला. मी विचारलं, "आता ती मरेल?"

"मरतली कित्याक? नवो डेंगो येतलो तिका."

खरंच येतो. डेंग्याच्या मुळाशी एक ठरलेला सांधा असतो. जिवावर बेतलं की कुर्ली स्वतःच तिथून डेंगा तोडून टाकते, आणि ती जागा लगेच बंद होते. पुढे कवच बदलताना तिथे इवलासा डेंगा येतो, दर कवचाबरोबर वाढत जातो. त्या मुलीला मी पुढच्या रविवारी हेही सांगितलं: विंचवाने नांगी टाकली तर तो हरला, कुर्लीने टाकली तर ती जगली.

आजी कुर्ल्यांचे बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचा रस सांबाऱ्यात, म्हणजे रश्शात, गाळायची, डेंगे वरवंट्याने जरासे ठेचून अख्खे सोडायची. एखादीचा एक डेंगा तळहाताएवढा, दुसरा करंगळीएवढा निघे. तो करंगळीएवढा नेहमी धाकट्याच्या ताटात. त्याच्या दुधाच्या दातांनाही तो फुटायचा.