पऱ्हाटीशेजारचं पॉलिहाऊस

मार्गशीर्षातली सकाळ, नुकतं उजाडतंय. धुऱ्याच्या अलीकडे फुटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी; पलीकडे दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस. आत चार बाया जरबेरा तोडताहेत. विळा नाही, कात्री नाही. देठ बुडाशी धरायचा, जरा वाकवायचा, पिळा देऊन उपटायचा. मग फुलाला प्लॅस्टिकची इवलीशी टोपी. दहा फुलांची एक जुडी.

पायाखाली बघा, माती लाल आहे. आपली काळी कपाशीची जमीन पाणी धरून ठेवते. जरबेऱ्याची मुळं तिच्यात कुजतात. म्हणून टिपरने लाल माती आणायची, शेणखत आणि धानाचं तूस कालवून वाफे भरायचे. ती माती कुठल्या टेकडीची, हे कुणी विचारत नाही.

हा माल नागपूर-हैदराबादच्या लग्नमांडवात जातो. परदेशी जाणारं फूल म्हणजे पुण्याजवळच्या मावळातला गुलाब. व्हॅलेंटाइन डेसाठी तिथे डिसेंबरातच तयारी सुरू होते आणि जानेवारीअखेर फुलं विमानात चढतात. मावळची हवा त्याला मानवते. आमच्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि कृषिपंपाची लाइन कधी दिवसा, कधी रात्री. तरी पॉलिहाऊसच्या कर्जाच्या कागदासोबत शेतकऱ्याला गुलाबच दाखवला जातो.

केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी हाच गुलाब मैलोन्‌मैल हरितगृहांत पिकतो. हजारो बायांना त्यातून बारमाही मजुरी मिळाली. कापूस वेचणाऱ्या आमच्या बाईला विचारा, बारमाही म्हणजे काय ते. पण पाणी उपसलं जातं त्याच सरोवरातून, आणि खतांचा निचराही तिकडेच. १९९५ पासून ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. मासेमारही त्याच पाण्यावर जगतात.

आता फवारणी. निर्यातीच्या पेटीत कीड सापडली की खेप अडते, म्हणून हात सैल सुटतो. त्यात फूल कुणी खात नाही. भाजी-फळांवर युरोपात विषाच्या अंशाची मर्यादा आहे, तशी फुलांवर नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २०हून अधिक माणसं गेली. तेही उघड्या वावरात. इथे तर वर प्लॅस्टिक, चहूबाजूंनी जाळी.

"काल फवारलं ना? मग आज लगेच आत कशा आल्या?"

बाई हातातल्या फुलाला टोपी घालते.

"गाडी आठले येते भाऊ. मंग कवा येऊ?"