आधी खांदा, मग रंग

श्रोतेहो, नमस्कार.

पुरुषांच्या पेहरावाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'काय घेऊ?' आज हा प्रश्न थोडा मागे ठेवू. कारण स्वतःची अशी एक ढब सापडते ती दुकानात नव्हे, कपाटात. आणि तिचा माग लागतो तो जे कपडे आपण घेऊन ठेवलेत पण घालत नाही, त्यांच्यात.

तेव्हा कपाट उघडा आणि सगळे हँगर उलटे लावा, हुकाचं तोंड आपल्याकडे येईल असे. कपडा घातला, धुऊन परत आला की त्याचा हँगर सरळ लावायचा. घड्या करून ठेवत असाल तर घातलेला कपडा डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवत जा. असं ३ महिने करा. ऋतू बदलत असेल तर ४. मग जे हँगर उलटेच राहिले त्यांतला एकेक कपडा अंगात घाला आणि तो का घातला गेला नाही ते कागदावर लिहा. 'आवडत नाही' हे उत्तर चालणार नाही. बसल्यावर बटणांच्या मध्ये फट पडते, हात वर केला की शर्ट पँटीतून बाहेर येतो, धुतल्यावर कॉलरचं टोक वळतं, याच्यावर घालायला पँटच नाही, अशी उत्तरं हवीत. आठ-दहा कपडे झाले की तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

आता उलट बाजू. जो शर्ट धुऊन वाळला की लगेच अंगात जातो, तो टेबलावर सपाट पसरा आणि टेप घ्या. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत, छाती काखेच्या २ सेंटिमीटर खाली, पाठीमागून कॉलरच्या मुळापासून लांबी आणि बाही. हे चार आकडे फोनमध्ये ठेवा. लेबलवरचा ४० किंवा ४२ हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा. कुठे तो अंगाचं माप असतो, कुठे कपड्याचं. तुमचे चार आकडे मात्र बदलत नाहीत. सपाट छातीची दुप्पट केली की कपड्याचा घेर मिळतो. अंगाच्या मापापेक्षा तो ८ ते १० सेंटिमीटर जास्त असला तर शर्ट अंगासरशी बसतो, १२ ते १६ असला तर मोकळा. यातलं आपलं कोणतं, ते तो आवडता शर्टच सांगेल.

या सगळ्या मापांत खांद्यावर जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं. हात बाजूने वर उचला. खांद्याचं हाड संपतं तिथे एक खळगा पडतो. शिवण तिथे यायला हवी. ती २ सेंटिमीटर खाली उतरली की बाहीच्या वरच्या भागात सुरकुत्या पडतात आणि कपडा उसना आणल्यासारखा दिसतो. आत सरकली तर पाठीवर आडव्या रेघा ओढल्या जातात. मुद्दाम सैल, उतरत्या खांद्याचे कपडे शिवतात, ती गोष्ट वेगळी. तिथे सगळा कपडाच त्या हिशेबाने कापलेला असतो. शर्ट कमरेत आत घेणं, बाही तोकडी करणं शिंप्यासाठी सोपं. जॅकेटचा खांदा मात्र सोपा नाही. बाही उसवायची, आतला पॅड काढायचा, मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा काप, नव्याने कापायचा आणि बाही परत बसवायची; एवढं करूनही ती पहिल्यासारखी बसेलच असं नाही. म्हणून जॅकेट खांद्याला बसेल तेच घ्यावं, बाकीचं शिंप्यावर सोडावं. बाही मनगटाच्या हाडापाशी थांबली आणि शर्टाचा कफ खालून १ ते दीड सेंटिमीटर दिसला की झालं.

मुंढ्याबद्दल एक समज सर्रास आढळतो. मुंढा मोठा आणि खोल असला की हात मोकळा राहील, असं वाटतं. होतं नेमकं उलटं. मुंढा खोल असला की बाहीची सुरुवातच काखेच्या खूप खाली होते, हात उचलताच ती सगळा कपडा वर खेचते. उंच फळीवरचा डबा काढताना करतो तसे दोन्ही हात वर करून बघा. शर्ट चार बोटं वर सरकला तर ठीक. वीतभर सरकला तर मुंढा खोल आहे, आणि खोल मुंढा वर घेता येत नाही, कारण तिथलं कापड आधीच कापून गेलेलं असतं.

पँट त्या मानाने सुधारण्याजोगी. ती उलटी करून मागच्या मधल्या शिवणीत किती कापड दाबलंय ते पाहा. दोन्ही बाजूंना अडीच-तीन सेंटिमीटर असेल तर कंबर ३ ते ४ सेंटिमीटर वाढू शकते. फक्त जुन्या टिपांची भोकं आणि न विटलेली पट्टी तिथे उघडी पडेल, म्हणून हे नवेपणीच करून घ्यावं. मोहरी, म्हणजे पँटीच्या पायाचं खालचं तोंड, बुटावर येऊन एकदाच हलकी मोडावी. तिथे चुण्यांचा ढीग साचला की चांगला उंच माणूसही बुटका दिसतो.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. कापड खिडकीपाशी हनुवटीखाली धरा. आधी चेहरा दिसला तर रंग ठेवा, आधी शर्ट दिसला तर परत ठेवा. पाया म्हणून दोन शांत रंग घ्या, गडद निळा आणि करडा, किंवा तपकिरी आणि मळकट पांढरा, आणि त्यावर एक आपला म्हणावा असा. काळा वाटतो तितका सोपा नाही. धुण्यागणिक तो राखेकडे झुकतो आणि दोन वेगवेगळे काळे शेजारी आले की दोन्ही जुने दिसतात.

सगळा भपका काढून टाकून पेहरावात नाव कमावलेला माणूस पाहायचा तर इंग्लंडातला ब्यू ब्रमेल. जन्म १७७८ चा. रेशीम, भरतकाम, केसांची पावडर हे सगळं त्याने बाजूला ठेवलं आणि गडद कोट, नेमका काप आणि खळ घातलेला स्वच्छ पांढरा गळपट्टा एवढ्यावर लंडनच्या उमरावांना आपल्या मागे यायला लावलं.

फोटोतल्या कुणासारखं दिसावंसं वाटलं तर वस्तू उचलू नका, प्रमाण उचला. पँट कमरेला किती वर बसलीय, जॅकेट कुठे संपतंय, कॉलर किती रुंद आहे, ते पाहा. कपडा त्याला इतका चपखल कसा बसलाय याचं फार नवल करू नका. पुष्कळदा पाठीमागे चिमटे लावलेले असतात. स्वतःचा फोटो काढताना फोन छातीच्या उंचीवर, ३ मीटर लांब ठेवा. वरून काढला तर पाय आखूड दिसतात. बाजूने आणि पाठीमागूनही काढा, कारण आरशासमोर आपण नकळत ताठ होतो. आणि एका महिन्यात एकच गोष्ट बदला. चष्म्याची चौकट, बूट, दाढी आणि कॉलर एकदम बदलली तर नक्की काय जमलं ते कळायला मार्ग राहत नाही.

आता खरेदी. नवा कपडा हातात धरल्यावर कपाटातले, सरळ हँगरवरचे, तीन कपडे आठवा ज्यांच्याबरोबर तो जाईल. तीन आठवले नाहीत तर तो तिथेच राहू द्या. टी-शर्टचं कापड दर चौरस मीटरला १६० ते २०० ग्रॅम असावं. १४० च्या खाली अंग दिसायला लागतं. ताणणाऱ्या पँटीत इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, २ टक्क्यांच्या आसपास पुरे. ती ड्रायरमध्ये टाकू नका, उष्णतेने ताण मरतो आणि गुडघ्यापाशी पिशवी धरते. आणि सुती कपडा घेतल्याबरोबर शिंप्याकडे नेऊ नका. एक-दोनदा धुऊन, वाळवून घ्या. ३ टक्के आटला तरी १०० सेंटिमीटर लांबीच्या पँटीतले ३ सेंटिमीटर गेले, आणि खालची दुमड तुम्ही आधीच कापून बसलेले असाल.

नमस्कार.