इंदूर ते अकोला, कालाकुंडवरून

नमस्कार. मंडळाने विषय दिलाय "माझं आवडतं ठिकाण आणि तिथल्या आठवणी", आणि पंधरा दिवस मी रोज एक नाव लिहून रोज खोडत होते. महेश्वर लिहिलं, मांडू लिहिलं, सिमला लिहिलं, मग लक्षात आलं की या सगळ्या ठिकाणी मी गेले, फोटो काढले, परत आले, पण डोळे मिटले की जे दिसतं ते वेगळंच काहीतरी आहे, ते म्हणजे छोटी लाईन, मीटर गेजची रेल्वे. आपली इंदूर-महू-खंडवा-अकोला छोटी लाईन. तेव्हा आज मी एका ठिकाणाबद्दल बोलणार नाहीये, एका वाटेबद्दल बोलणार आहे, चालेल ना?

आधी एक विचारते. पुण्या-नागपूरच्या लग्नात तुम्हाला कोणी विचारलंय का, "तुमचं गाव कोणतं?" आपण सांगतो इंदूर. मग ते म्हणतात, "ते झालं हो, पण मूळ गाव?" माझं अख्खं आयुष्य या प्रश्नापुढे गप्प बसण्यात गेलं. आमचं कोकणात एक गाव आहे म्हणतात, कुलदैवतापुरतं, मी तिथे दोनदा गेले, देवळापर्यंतचा रस्तासुद्धा विचारावा लागला. इंदुरात आमच्या पाच पिढ्या झाल्या पण सुट्टी लागली की आजी म्हणायची "देशावर जायचंय", म्हणजे इकडचं घर परकं नाही आणि तिकडचं पूर्ण आपलं नाही, आणि या दोन्हीच्या मध्ये जे काही होतं ना, तो घाट, तो पूल, ते स्टेशन, ते मात्र मला पाठ होतं. म्हणून आता कोणी मूळ गाव विचारलं की मी सांगते, पातालपाणी ते कालाकुंड.

माझी मावशी अकोल्याला. सत्तरच्या दशकातली गोष्ट, परीक्षा संपली की आठ दिवसांत निघायचं. वळकटी, सुराही, दशम्यांचा डबा, वर लसणाची चटणी, आणि इंदूरची शेव मोठ्या पिशवीत, कारण मावशीच्या सासरी शेव पोचली नाही तर भाची पोचलीच नाही असं समजायचे. सकाळी निघायचो ते अंधार पडल्यावर अकोला. आणि या एका दिवसात काय काय व्हायचं बघा, विंध्य उतरायचा, नर्मदा ओलांडायची, मग सातपुडा चढून उतरायचा, मध्ये तापी, आणि मग वऱ्हाड. शाळेत भूगोलाच्या बाई नकाशावर छडी फिरवायच्या तेव्हा मला मजा वाटायची कारण ही सगळी नावं मी खिडकीतून पाहिलेली असायची, त्याच क्रमाने.

ही लाईन आपल्या होळकरांची, हे आपल्या मुलांना माहीत असावं असं मला फार वाटतं. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, ४.५ टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी. तेव्हाचे १ कोटी! एका संस्थानाने सरकारला कर्ज द्यायचं आणि आपल्या गावापर्यंत गाडी आणायची. नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये झाला. आमचे नाना, म्हणजे वडील, हे प्रत्येक प्रवासात सांगायचे, अगदी त्याच शब्दांत, आणि आम्ही तिघं भावंडं ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणायचो. आता मी सांगते आणि माझी नात ओठ हलवते.

तर महू सोडलं की थोड्या वेळात पातालपाणी. धबधबा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, त्याबद्दल मी बोलत नाही. मला स्टेशन आवडतं. तिथे घाट उतरण्याआधी गाडी थांबायची, ब्रेक तपासायचे, माणसं खाली वाकून चाकांवर काहीतरी ठोकायची, तो ठण् ठण् आवाज एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत सरकत यायचा आणि आपल्या डब्याखाली आला की पायाच्या तळव्याला कळायचा. आणि मग टंट्या मामाचं देऊळ. टंट्या भिल्ल, इंग्रजांशी लढलेला, त्याला त्यांनी ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं, निमाडात, म्हणजे घाटाखालच्या नर्मदाकाठच्या मुलखात, अजून लोक त्याला मामाच म्हणतात. देवळापाशी गाडी क्षणभर थांबायची, ड्रायव्हर शिट्टी द्यायचा आणि मग उतरण सुरू. सलामी दिल्याशिवाय गाडी घाटात घालायची नाही. डब्यातल्या निमाडी बायका हात जोडायच्या, आईपण जोडायची. मी एकदा विचारलं, आपला काय संबंध? आई म्हणाली, "आपण त्याच्या घरातनं चाललोय ना." बस, एवढंच. पण मला तेवढं आयुष्यभर पुरलं, कुठल्याही नव्या गावात शिरताना मला ते वाक्य आठवतं.

पातालपाणी ते कालाकुंड, साडेनऊ किलोमीटर. चार बोगदे. चढ-उतार ४० ला १, म्हणजे ४० फूट पुढे गेलात की १ फूट खाली, ऐकायला कमी वाटतं पण रेल्वेसाठी हे फार झालं, म्हणूनच परतीच्या प्रवासात कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लावायचे, रेल्वेवाले त्याला बँकर म्हणायचे. पुढचं ओढतंय, मागचं ढकलतंय, आणि दोन्ही इंजिनं एकमेकांना शिट्टीने विचारतायत, झालं का, निघायचं का. लहानपणी मला खात्री होती की ती बोलतातच. बोगदा आला की अख्खा डबा ओरडायचा, कोळशाचं इंजिन असल्यामुळे धूर आत यायचा, आई पदर नाकाला लावायची आणि दुसऱ्या हाताने धाकट्याचं मनगट पकडायची, आणि बाहेर आलो की सगळ्यांच्या तोंडावर बारीक काळी कीट. तोंड पुसायचा तो ओला पंचा आजही मला वासासकट आठवतो, सुराहीतलं पाणी, माती आणि कोळसा असा मिळून वास.

आणि मग कालाकुंड. इथे मी जरा थांबणार आहे, कारण गाडीपण थांबायची.

चारी बाजूंनी डोंगर, खाली चोरल नदी, मध्ये एवढंसं स्टेशन. गाव म्हणावं तर मोजकी घरं. तिथे गाडीला इंजिनाचं काम असायचं, जाताना थोडा वेळ आणि येताना बराच, आणि सगळे प्रवासी खाली उतरायचे. कोणी हातपाय धुतंय, कोणी मुलांना फिरवतंय. आणि कलाकंद! स्टेशनवर कलाकंद विकायला यायचे, पळसाच्या पानात बांधलेला. पेढेवाल्याकडचा चौकोनी वडीसारखा नाही हां, हा रवाळ, ओलसर, थोडा तांबूस, दूध आटवताना कढईला खाली लागतं ना तसा एक किंचित करपट स्वाद मागे राहणारा, आणि पानाचा हिरवा वास त्यात उतरलेला. "गरम है बाई, अभी उतरा है", असं म्हणत तो माणूस खिडकीशी उभा राहायचा. आई कधी घासाघीस केल्याशिवाय भाजी घ्यायची नाही, पण कालाकुंडला तिने भाव केलेला मी पाहिला नाही. जंगलात दुसरं काय आहे त्यांना, असं म्हणायची. दूध आणि लाकूड, आणि दिवसातून येणाऱ्या चार गाड्या.

आम्हाला एक पुडा तिथेच आणि एक मावशीला. मावशीच्या पुड्यावर आई ओलं फडकं गुंडाळायची आणि दर दोन-तीन तासांनी सुराहीचं पाणी शिंपडायची, एप्रिलचं ऊन, निमाडचं ऊन, तुम्हाला सांगायला नको. रात्री अकोल्याला मावशी तो पुडा उघडायची आणि आधी पान हातात घेऊन वास घ्यायची. कलाकंद नंतर. तीपण इंदूरचीच ना, लग्न होऊन तिकडे गेलेली. मला मोठी झाल्यावर कळलं ती कसला वास घ्यायची ते.

कालाकुंडच्या पुढे बडवाह आणि मग पूल. नर्मदा आली की खिडकीसाठी भांडणं बंद, सगळे उभे, "नर्मदे हर", आणि नाणी. तेव्हा पाच पैशाचं नाणं चौकोनी, अल्युमिनियमचं, इतकं हलकं की वाऱ्यावर कुठेही जायचं. एका वर्षी आईने टाकलेलं नाणं पुलाच्या लोखंडाला लागलं, टिण् आवाज झाला, आणि ते खाली रुळांतच कुठेतरी अडकलं, पाण्यात पडलंच नाही. आई गप्प झाली. नाना म्हणाले, "अगं भाव पोचला ना." पण तिला ते पटलं नाही. अख्खी सुट्टी तिच्या मनात ते राहिलं, मावशीपाशी दोनदा बोलली, आणि परत येताना पूल आला तसं तिने दहा पैशांचं कंगोऱ्याचं नाणं काढलं, मला बाजूला सरकवलं, हात जितका बाहेर जाईल तितका काढला आणि टाकलं. ते पाण्यात पडलेलं आम्ही दोघींनी पाहिलं. मग म्हणाली, "फिटलं." आई फार देवदेव करणारी नव्हती, पण कोणाचं देणं ठेवायची नाही, नर्मदेचंसुद्धा.

पुलापलीकडे मोरटक्का, ओंकारेश्वरला उतरायचं स्टेशन, मग सनावद. सनावदहून आत गेलं की नर्मदेच्या काठी रावेरखेडी, थोरल्या बाजीरावांची समाधी. २८ एप्रिल १७४० ला तिथे छावणीत गेले, वय चाळीससुद्धा पूर्ण नाही. लग्नानंतर आम्ही स्कूटरवर गेलो होतो, मे महिना, दुपार, चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. दगडी भिंतींच्या आत शांत चौथरा, आणि बाहेर नदी. तिथे बसल्यावर मला असं वाटलं की हापण देशावरनं निघालेला आणि परत न पोचलेला माणूस, आपल्यासारखाच दोन्हींच्या मध्ये राहिलेला. महाराष्ट्रातून शनिवारवाडा बघायला किती लोक जातात आणि इथे आपण दोन-अडीच तासांवर राहून जात नाही, याचं मला वाईट वाटतं. या हिवाळ्यात आपण मंडळाची एक बस काढूया, मी स्वतः नावं लिहून घ्यायला तयार आहे.

खंडव्यापुढचं थोडक्यात सांगते. संध्याकाळच्या सुमारास धूळघाट यायचा, तिथे रूळ डोंगराला गोल वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जातात, म्हणजे जिथून आलो ते रूळ खिडकीतून खाली दिसतात. दादा मला म्हणायचा, बघ, खालच्या गाडीत आपणच बसलोय. मी खरंच वाकून बघायचे. ते सगळं मेळघाटचं जंगल, अंधारात फक्त काजवे आणि इंजिनातल्या ठिणग्या. ती लाईन २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. मोठी लाईन, म्हणजे ब्रॉड गेज, व्याघ्र प्रकल्पातून न्यायची की बाहेरून यावर बरीच वर्षं वाद झाला आणि शेवटी बाहेरून न्यायचं ठरलं. मला विचाराल तर बरोबर झालं. माझ्या आठवणी तिथे आहेत म्हणून वाघाच्या घरातून दिवसरात्र मोठ्या गाड्या पळवा, असं मी म्हणणार नाही. आई काय म्हणाली होती ते मघाशी सांगितलंच.

आपल्या बाजूला महू ते ओंकारेश्वर रोड, म्हणजे मोरटक्क्यापर्यंतची गाडी त्यानंतरही चालू होती, तीपण २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली, मोठ्या लाईनसाठी. आता फक्त पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी उरली, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली, कारण एवढा चढ मोठ्या गाडीला जमत नाही, म्हणून नवी लाईन दुसरीकडून वळसा घेऊन न्यायची आणि घाटाचा हा तुकडा तसाच राहू द्यायचा असं ठरलं. काचेच्या मोठ्या खिडक्या आहेत, लोक व्हिडिओ काढतात, मुलं बोगद्यात अजून ओरडतात, ते ऐकून बरं वाटतं.

ती महू-ओंकारेश्वर रोड गाडी बंद होणार असं पेपरात आलं तेव्हा मी आणि दादा गेलो, जानेवारीतली सकाळ, दोघांचे गुडघे दुखतायत, पण डब्यात पाय ठेवायला जागा नाही, सगळं इंदूर शेवटचं बघायला आलेलं. टंट्या मामापाशी शिट्टी झाली. पुलावर मी पाच रुपये टाकले, दादाने दहा, दोन्ही नीट पाण्यात पडली, आम्ही वाकून खात्री केली. परत येताना कालाकुंडला दोन पुडे घेतले.

दुसऱ्या दिवशी दादा त्यातला एक घेऊन बसने अकोल्याला गेला, बऱ्हाणपूरवरून. मावशी आता नव्वदीला आलीये, दिसतं कमी. रात्री तिचा फोन आला. आधी गाडीत गर्दी होती का विचारलं, मग पुलावर पैसे टाकलेस का विचारलं, मग थोडा वेळ काहीच बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "कलाकंद तोच आहे गं. पान कोरडं आलंय. दादाला म्हणावं, फडकं ओलं ठेवायचं असतं."